एका दिवसाची सावड

विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाविषयी काही लिहून द्या, असं हल्ली मला कुणी ना कुणी सांगतं. फोनवरची मुलगी गोड बोलते. "मॅडम, सुरुवातीच्या काळातल्या आठवणी, तुमचा संघर्ष..." संघर्ष! हा शब्द ऐकला की मला आधी खुर्ची ओढून बसावंसं वाटतं. गुडघे गेलेत, उजवा खांदा पदर घ्यायलासुद्धा कुरकुरतो, आणि या पोरींना संघर्ष हवाय. विचारताच आहात तर सांगते. पण विद्यापीठापासून नाही सांगता येणार. आमच्या कॉलेजच्या संघापासून सांगावं लागेल, आणि त्यातल्याही एकाच भातकापणीपासून. बाकीचंही आठवतं, पण सांगायचा कंटाळा येतो.

वडिवळ्याच्या वर, डोंगराच्या पोटाला आमची ठाकरवाडी, आदिवासी ठाकरांची वस्ती. सत्तरच्या दशकाची सुरुवात. वाडीतनं कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिली म्हणजे कौतुक झालं असेल असं कुणाला वाटेल. कसलं डोंबलाचं कौतुक! अंधारात उठून डोंगर उतरायचा, कामशेतला शटल गाडी धरायची, लोणावळ्याला कॉलेज करायचं आणि संध्याकाळी परत तोच डोंगर चढायचा. बाप मी लहान असतानाच गेला होता. आई दुसऱ्यांच्या भाताच्या खाचरांत लावणी-कापणी करायची आणि एरवी मोळ्या विकायची. मला शिकवायचं असं तिनं कशावरून ठरवलं होतं, देव जाणे. विचारलं की म्हणायची, "म्या मोळ्या वाह्यल्या. तू पुस्तकं वहा."

खेळ आणला तो सरांनी. सर नवे होते, पुण्याहून आलेले, किडकिडीत, सदा घाईत. मुलींचा संघ काढायचा म्हणून वर्गावर्गांतून फिरले. सॉफ्टबॉल म्हणजे काय हे लोणावळ्यात कुणाला माहीत? कुणी म्हणालं लगोरी असेल, कुणी म्हणालं क्रिकेटची धाकटी बहीण. चेंडू हातात घेतला तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं. सॉफ्ट म्हणे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लागला तर हाडापर्यंत कळायचं.

या खेळाला नऊ जणी लागतात. आठ असतील तर पंच सामना सुरूच करत नाहीत. आमच्या कॉलेजात खेळायला तयार झालेल्या मुली मोजून नऊ, त्यामुळं कुणाला ताप यायची सोय नव्हती. भावांच्या पांढऱ्या पँटी कमरेला नाडीनं बांधून आम्ही मैदानावर यायचो, आणि फाटकाबाहेर उभं राहून दात काढणारे टोळभैरव रोज असायचे. पहिले काही दिवस लाज वाटली. मग लाज वाटायचाही कंटाळा आला.

मी पिचर झाले, म्हणजे चेंडू टाकणारी. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. या खेळात चेंडू खालून टाकतात, हात पुरता गरकन फिरवून. कळायला लागल्यापासून मी दुसऱ्यांच्या भातात राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत पाखरं हाकलत होते. हात तसाच फिरायचा. सरांना वाटलं देणगी आहे. देणगी कसली, मजुरी होती ती.

आणि माझे चेंडू घ्यायची ती आमची कॅचर. बॅट धरणारीच्या पाठीमागं उकिडवं बसून, तोंडाला जाळी लावून, अंगावर येणारा प्रत्येक चेंडू झेलणारी. खालच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. तिलाही बाप नव्हता, चुलत्याच्या घरात वाढलेली. वर्गात माझ्या बाकावर शेजारी येऊन बसली ती एकटीच. बसली आणि म्हणाली, "सरक की गं, बाक काय तुझ्या नावावर लिहून दिलाय?" उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडाची टकळी अखंड चालू. तळहात दाखवून म्हणायची, "तुझे चेंडू घेऊन घेऊन हाताची भाकरी झाली. पुढल्या जन्मी मी टाकीन अन् तू झेल, मग बघते तुझं." मी फारशी बोलत नसे. माझ्या वाटचंही तीच बोलायची.

दुसऱ्या वर्षी सरांनी एक दिवस आम्हांला मैदानात गोल बसवलं. विद्यापीठ मुलींचा संघ बांधणार होतं. दिवाळीनंतर लगेच पुण्यात कॉलेजाकॉलेजांचे सामने होते, तिथं निवड करणारे बसणार होते. उठताना सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू विद्यापीठाकडून खेळलीस तर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात तुला जागा मिळेल. पुढं नोकरी. तुझी निवड होणार, मला दिसतंय. फक्त संघ तिथं उभा राहिला पाहिजे."

नोकरी! हा शब्द मी डोंगर चढताना तोंडात घोळवत गेले. नोकरी म्हणजे आईच्या डोक्यावरची मोळी उतरणार. दुसरं काही मला नको होतं. मैदान, बिल्ला, टाळ्या, कशाचीही हौस नव्हती. ती मोळी तेवढी उतरवायची होती.

आता दिवाळीनंतर लगेच म्हणजे कधी, हे पुण्याच्या माणसांना काय ठाऊक? मावळात तेव्हा भात कापणीला आलेलं असतं. घरातली सोडा, पाहुणे आलेली माणसंसुद्धा खाचरात उतरवतात. मी सोडून आठही जणींच्या घरी शेती. आठही घरांतनं एकच उत्तर आलं, कापणी टाकून पोरगी चेंडू खेळायला जाणार नाही. आमची कॅप्टन कामशेतच्या भातगिरणीवाल्याची मुलगी, घरचं बरं, पण खाचरं त्यांचीही होती. तीसुद्धा मान खाली घालून आली.

तोड काढली ती कॅचरनं. "सावड करू," म्हणाली.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"आज आम्ही सगळ्या तिच्या रानात, उद्या ती आमच्या रानात. दिवसाला दिवस. नऊ जणी एकीच्या खाचरात उतरलो तर बघता बघता कापून होतंय सर. घरोघर कापून टाकू, मग कोण अडवतंय?"

सर आनंदानं उडालेच. वाकून कापणं म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू उचलायचा सरावच, असं काहीतरी म्हणाले. पहिल्या दिवशी स्वतः विळा घेऊन आले, पहिल्याच मुठीला बोट कापून घेतलं आणि बांधावर जाऊन बसले. बोटाला चिंधी बांधून तिथनंच आम्हांला "वेग वाढवा!" म्हणून ओरडत होते. आम्ही हसून हसून बेजार झालो.

खरं सांगते, ते दिवस चांगले होते. नऊ विळे एका ओळीनं चालायचे. आंबेमोहोर भाताचा वास अंगाला लागायचा. कुणी गाणं धरायचं, कुणी चिडवायचं. दुपारी भाकरी खाल्ली की कापलेल्या खाचरात, धसकटं टोचत असताना, आम्ही चेंडू टाकायचो. घरधनी बांधावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "ही ठाकराची पोर लय चपळ हाय हां." एका घरची पोर मोकळी झाली की आम्ही पुढच्या घरी. माझ्या घरी काय कापायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. माझं रान नव्हतं, पण मी संघात होते म्हणून सावडीत होते, इतकं ते मला साधं वाटत होतं.

एका संध्याकाळी उन्हं असतानाच घरी आले, तर आई दारात बसलेली. कापणीच्या दिवसांत उन्हं असताना आई घरी बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"बरं न्हाई का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीया?"

"मंग कामाला न्हाई गेलीस?"

"कुटं जाऊ?" आई म्हणाली. "गेलते खाली. दारोदार फिरून आले. मालकिनी म्हनत्यात, आवंदा बाया नकोत, मावशे. कालेजच्या पोरी आल्यात, फुकाट कापत्यात, वर गानी बी म्हनत्यात." मग ती हसली. "त्यातली येक लय चपळ हाय म्हनं. ठाकराची हाय."

माझ्या हातात विळा होता. तो कुठं ठेवायचा ते मला सुचेना. कापणीच्या मजुरीचं जे भात मिळायचं त्यावर आमचं होळीपर्यंत भागायचं. आमच्या एकट्यांचं नाही, वाडीतल्या सगळ्या बायांचं. दर वर्षी ज्या खाचरांत त्या कापायला जायच्या तीच खाचरं आम्ही गाणी म्हणत कापून मोकळी केली होती. शेतकऱ्यांच्या पोरींना हे सुचणं शक्य नव्हतं. त्यांच्या हिशेबी सावडीत कुणाचं काही जात नाही. सरांना तर भात कुठं लागतं हेही नीट माहीत नसावं. मला सुचायला हवं होतं का? आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा मला भयंकर राग आला. सरांचा आला, मालकिणींचा आला, आईचासुद्धा आला, की इतके दिवस गप्प का बसलीस. वाडीतल्या बाया मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. "दमलीस का गं?" एवढंच विचारायच्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाकर खाताना आईनं विषय काढला. "पुन्याला जायचंय न्हवं?"

"व्हय."

"मंग जा की. पर सावड हाय तर पुरी हुंदे. सगळ्यांच्या दारात गेली, आपल्या दारात बी याया पायजे. न्हाईतर ती सावड न्हवं, ती वेठ. वेठ करनारी पोर म्या पुन्याला धाडायची न्हाई."

"आपलं रान कुटंय?"

"रान न्हाई, काम हाय की. मोळ्या हायत्या."

मी खूप आदळआपट केली. आई म्हणजे एकदा बसली की पाटा. हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी कसंबसं सांगितलं. कॅप्टन हळूच म्हणाली, "पण तुमच्याकडं शेतच नाही ना?" त्यावर कॅचर उसळली, "शेत नाही तर काम नाही का? आपण सगळ्यांनी तिचे दिवस खाल्लेत. येऊ आम्ही." बाकीच्यांनी माना हलवल्या. चांगल्या पोरी होत्या त्या. त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही मी, पण दमले आहे, त्यामुळं खोटंही बोलवत नाही.

सुट्टीचा दिवस धरून आठही जणी वाडीवर आल्या. कामशेतला त्या दिवशी बाजार होता. आईनं कुठली लाकडं घ्यायची, कुठली नाही, ते दाखवलं. पोरींनी खरंच काम केलं, हाताला फोड येईपर्यंत केलं. पाणी मात्र आपापलं घरून आणलं होतं. कॅचर तेवढी आमच्या मडक्यातलं दोन वेळा प्याली आणि आईला म्हणाली, "मावशी, तुमचं पाणी गार आहे, तुमची पोरगी का अशी तापट?" आई त्या दिवशी प्रथमच मोकळी हसली. तिनं प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ ठेवून मोळ्या चढवल्या आणि आम्ही ओळीनं डोंगर उतरलो.

कामशेतचा रस्ता दिसायला लागतो तिथं एक आंबा होता. त्या आंब्याखाली कॅप्टननं मोळी उतरवली. तिचं बघून बाकीच्यांनी. कॅप्टन लाल झाली होती. म्हणाली, "इथपर्यंत आणल्या गं. पुढं तुम्ही दोघी न्या, खेपा करून. बाजारात माझे वडील गिरणीच्या दारात बसलेले असतात." तिचं खोटं नव्हतं. प्रत्येकीचं कुणी ना कुणी त्या बाजारात होतं. भात कापताना पोरगी दिसली तर घराची शान वाढते, मोळी विकताना दिसली तर जाते. काम दोन्ही वाकूनच करायचं असतं. आई आपल्या मोळीखाली मान ताठ धरून नुसती उभी राहिली.

कॅचरनं मोळी उतरवली नव्हती. "मी नाही बाई खाली ठेवत," ती म्हणाली. "एकदा ठेवली की परत उचलायला माणूस कोण देणार? चला मावशी." आणि ती पुढं चालायला लागली.

बाजारात मोळीवाल्या बायांची एक ओळ असायची. त्या ओळीत आम्ही तिघी उभ्या राहिलो. ती मला डिवचत होती, "माझी तुझ्याआधी खपते की नाही बघ." आणि समोरून तिचा चुलता आला. डोक्याला पटका, हातात पिशवी. गावात त्याला सगळे आबा म्हणत. तो ओरडेल, काठी उगारेल असं मला वाटलं. तो शांतपणे तिच्यासमोर उभा राहिला आणि परक्या बाईला विचारावं तसं त्यानं विचारलं, "काय गं मोळीवाले, कशी दिलीस?"

तिच्या तोंडाची टकळी बंद पडली. आई मधे पडली, "आबा, पोर हौसेनं आली हाय, तिच्यावर..."

"म्या मोळीवालीला इचारतोय." त्यानं घासाघीस केली नाही. "घेतली. चल, घरला पोचव."

मोळी विकणारीनं गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत मोळी नेऊन टाकायची, ही रीतच होती. तो पुढं आणि मोळी घेऊन ती मागं, असे ते सगळ्या बाजारातनं गेले. मुद्दाम सावकाश चालत होता मेला. ज्याला त्याला थांबून रामराम घालत होता. प्रत्येक रामरामाला तिला त्याच्यामागं थांबावं लागत होतं. मी धावणार होते, आईनं मनगट धरलं.

ती दिसेनाशी झाल्यावर आई म्हणाली, "फिटली सावड. तू जा पुन्याला." आवाजात आनंद नव्हता. बाकीच्या मोळ्या आंब्याखालून आणायला आम्हांला अंधार पडेपर्यंत खेपा घालाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी कॅचर शटलला आली नाही. नंतरही आली नाही. सर तिच्या घरी जाऊन आले. चुलत्यानं त्यांना चहा पाजला, पाट दिला, आणि पोरीला स्थळं बघतोय, आता कॉलेज पुरे, असं सांगून वाटेला लावलं. मैदानावर आम्ही आठ जणी उभ्या होतो. सरांनी चेंडू बाहेर काढला, परत पिशवीत ठेवला. ओरडायलाही त्यांच्यात त्राण राहिलं नव्हतं. मला घरून परवानगी मिळाली होती आणि जायला संघच उरला नव्हता. हसावं की रडावं कळेना. माझी नोकरी त्या बाजारातनं चालत चालत चुलत्याच्या घरात गेली होती आणि आतून कडी लागली होती.

आईला मी काही सांगितलं नाही, पण तिला कळल्याशिवाय राहतंय? एका पहाटे ती पदर खोचून निघाली. मी मागोमाग गेले. थेट चुलत्याच्या खळ्यावर. तिथं भाताची झोडणी चालू होती. त्याचे दोन गडी होते, शेजारपाजारची माणसं होती. खळ्याच्या कडेला उभी राहून आई म्हणाली, "आबा, सावड घालाया आले."

"कसली सावड?"

"आज माजा दिस तुमच्या खळ्यावर. बदल्यात तुमच्यातला येक दिस मला पायजे."

"कुनाचा?"

"पोरीचा. मोळीला न्हाई, पुन्याला. चेंडूच्या खेळाला."

गडी हसले. चुलता हसला नाही. आईकडं बघत राहिला आणि म्हणाला, "झोड आधी."

मी पुढं झाले तर आईनं हात केला. "तू न्हाई. ह्यो माजा दिस हाय." मी दिवसभर बांधावर बसून राहिले. आई पेंढी उचलत होती, फळीवर आपटत होती, पेंढा मागं फेकत होती. गडी तंबाखूला थांबले, ती थांबली नाही. भाताच्या कुसांनी तिचे हात लाल झाले, धुळीनं केस पांढरे झाले. दुपारी चुलतीनं भाकर आणून दिली ती तिनं उभ्यानंच खाल्ली. आतल्या दाराच्या फटीत कॅचर उभी होती. मला दिसत होती. आम्ही दोघींनी एकमेकींना हाक मारली नाही. मला रडायला येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

तिन्हीसांजेला आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "झाला दिस, आबा."

तिनं टाकलेली भाताची रास त्यानं पाहिली. ठाकराशी कसली सावड, असं म्हणून त्यानं हाकलून दिलं असतं तर त्याला कोण विचारणार होतं? पण खळ्यावर चार माणसांसमोर तो 'झोड' म्हणाला होता, आणि दिवसभर राबवून घेतलं होतं. त्यानं पटका काढून झटकला.

"दिसाला दिस," तो म्हणाला. "येक दिस. त्याच्यावर न्हाई. सांजच्या शटलीनं घरात पायजे."

आई वाटेत दोनदा बसली. तिला पाय टाकवत नव्हता. मी तिचा हात खांद्यावर घेतला तर म्हणाली, "आगं, मोळीपरीस भात बरं. निदान टोचत न्हाई डोक्याला."

पुण्याच्या मैदानावर कॅचर आली ती चुलत्यानं स्टेशनवर आणून सोडल्यावर, सरांबरोबर. पँट घातली, जाळी लावली, उकिडवी बसली. किती दिवसांत तिनं चेंडूला हात लावलेला नव्हता. मी पहिला चेंडू जरा हळू टाकला. ती उठून माझ्यापर्यंत चालत आली आणि चेंडू हातात कोंबत म्हणाली, "कुणाची कीव करतेस गं? टाक नीट. एक हात मोडला तरी भाकरी थापायला दुसरा आहे."

मग मी टाकले. आयुष्यात तसे चेंडू मी नंतर टाकले नाहीत, विद्यापीठाकडूनसुद्धा नाही. फार थकलेलं माणूस रागावतं तसा तो राग होता, त्यात आवाज नव्हता. समोरच्या पुण्याच्या मुली, चांगले बूट घातलेल्या, बॅट फिरवून बघायच्या, तीनदा चुकल्या की बाद होऊन परत जायच्या. शेवटच्या मुलीला तिसरा चेंडू टाकला तो जरा बाहेर गेला, पण तिनं बॅट फिरवलीच आणि चुकली. तो निसटला असता तर त्यांची तिसऱ्या बेसवरची, म्हणजे शेवटच्या थांब्यावरची, मुलगी धाव पुरी करून गेली असती आणि सगळं मुसळ केरात. कॅचरनं आडवं पडून तो घेतला. धुळीतनं हात वर केला, चेंडू हातात होता. आम्ही जिंकलो. कॅप्टन तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. का रडली ते आम्हांला सगळ्यांना कळलं.

निवड करणारे दोघे पुरुष आणि एक बाई होत्या. त्यांनी आमच्यातल्या दोघींना बोलावलं. मला आणि कॅचरला. बाई हसून म्हणाल्या, "पिचर-कॅचर जोडीच घेतोय आम्ही. सोमवारपासून सरावाला यायचं, महिनाभर इथंच राहायचं."

मी कॅचरकडं पाहिलं. तिचा चेहरा धुळीनं भरलेला, कपाळावर जाळीचे वळ. क्षणभर, अगदी क्षणभर, ती पोरगी इतकी खूश दिसली की मला वाटलं आता हो म्हणते. 

"नाही बाई," ती म्हणाली. "मला जमणार नाही. माझा आजचा एकच दिवस होता."

"म्हणजे? आजारी आहेस का?"

"नाही. सावडीचा दिवस होता. फिटला तो."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी सरांकडं पाहिलं. सर खाली बघत होते. "अरेरे, चांगली होती," असं म्हणून बाईंनी दुसऱ्या कॉलेजच्या कॅचरला हाक मारली. आमची कॅचर तोवर बॅटा गोळा करायला गेली होती, तिला सांजेची शटल गाठायची होती. सोमवारी येताना काय काय आणायचं ते बाई मला सांगत होत्या, अंथरूण, ताट-वाटी, बूट, आणि मी मान हलवत होते.